जलवाहिनी येण्याआधी वावर कसं बघायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. नागपूर जिल्ह्यातल्या तुमच्या गावावरून प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची मुख्य जलवाहिनी जाणार आहे. दिवाळीच्या आधी दोन माणसं मोटरसायकलवर आली, थोडी रस्त्याकडेनं आणि थोडी वावरातून अशी दीड-दोन तास फिरली, मोबाइलवर फोटो काढले आणि ‘पुरातत्त्वीय अवशेष: निरंक’ असं लिहून गेली. पण लाइनीच्या बाजूला बरडावर गोल मांडलेले मोठे गोटे आहेत. नाल्याकाठच्या तुमच्या वावरात नांगर घातला की खापरं निघतात, काही जड काळी ढेकळंही निघतात. एवढ्यात सर्वेक्षण होतं का? आणि बोललो तर गावाचं पाणी अडेल का, वडिलांची जमीन जाईल का?

वडिलांची काळजी मोठी आहे म्हणून तिचं आधी सांगतो. जमीन जात नाही. पाणीही अडत नाही, फार झालं तर पाइप थोडा वळतो. का, ते खाली कायद्याच्या भागात लिहिलं आहे. गेली 22 वर्षं मी विदर्भात रस्ते, कालवे, वीजवाहिन्या आणि नळयोजना यांच्या आखणीवर पायी फिरून हेच काम करतो आहे. बोलल्यामुळे एखाद्या शेतकऱ्याचं वावर गेलं असं मी एकदाही बघितलेलं नाही.

आता खरी अडचण. तुम्हाला वाटतंय की माणसं कमी होती आणि वेळ कमी दिला. तेही आहेच. पण मला त्याहून जास्त खटकलं ते त्यांच्या येण्याचे दिवस. दिवाळीच्या आधी वावरात काय असतं? पऱ्हाटी छातीला लागलेली, मधे तुरीचे तास, धुऱ्यावर कमरेएवढं गवत. त्या दिवसांत जमीन दिसतच नाही. शंभर पावलं चालून वीतभर उघडी माती दिसली तरी पुष्कळ. मग ‘निरंक’ कशाच्या आधारावर लिहिलं? त्यांना काही दिसलं नसेल, हे मी मानतो. पण बघायला जमीनच उघडी नव्हती, हेही त्यांनी लिहायला हवं होतं. तसं लिहिलं असतं तर अहवाल वाचणाऱ्या अभियंत्याला कळलं असतं की उन्हाळ्यात पुन्हा एक फेरी लागणार आहे. आता कागदावर उलटंच दिसतंय, की बघून झालं आणि काही नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. वर्धा जिल्ह्यात एका वीजवाहिनीच्या मनोऱ्यांच्या जागा मी सप्टेंबरात बघितल्या. सोयाबीन उभं होतं. नाल्याच्या वळणावरच्या एका जागेपुढे मी ‘अवशेष नाहीत’ असं लिहिलं, कारण तक्त्यात दोनच रकाने होते, आहेत आणि नाहीत. फेब्रुवारीत पायाचे खड्डे खणले तेव्हा हातभर खाली राखेचा थर लागला, त्यात हाडं आणि काळ्या-तांबड्या खापरांचा खच. मला निरोप मिळेपर्यंत चारपैकी तीन खड्ड्यांत काँक्रीट पडलं होतं. चौथ्याची भिंत मी दोन दिवस बसून खुरप्यानं साफ केली, थर मोजले, कागदावर उतरवले. तो मनोरा हलवता आला असता. तिथे दोन मनोऱ्यांत तीनशे मीटरच्या वर अंतर होतं, चार-सहा मीटर मागेपुढे करायला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त ते पावसाळ्यानंतर लगेच कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी होतो. तेव्हापासून माझ्या तक्त्यात तिसरा रकाना असतो, ‘बघता आलं नाही’, आणि त्याच्या शेजारी कारण. तुमच्या गावचा अहवाल मिळाला तर त्यात हा रकाना शोधा. नसेल तर पुन्हा फेरी मागायला तेवढं कारण पुरतं.

आपल्याकडे जमीन दिसते ती पऱ्हाटी उपटल्यापासून पेरणीपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते जूनचा पहिला आठवडा. त्यातही नांगरट झालेली असावी आणि वर एखादा अवकाळी पाऊस येऊन गेलेला असावा. पावसानं ढेकळांवरची धूळ धुऊन जाते आणि खापराचा तुकडा मातीपासून वेगळा दिसायला लागतो. मी सकाळी सातला सुरू करतो, दहाला थांबतो, पुन्हा चारनंतर निघतो. उन्हाचं कारण आहेच, पण तिरप्या उजेडात जमिनीचा बारीक उंचसखलपणा सावलीमुळे कळतो. भर दुपारी सगळं वावर सपाट दिसतं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये हे गणित बदलतं. तिथे वर्षानुवर्षं चिखलणी होऊन खापराचा चुरा झालेला असतो. बांधीच्या आत फार काही हाती लागत नाही, म्हणून तिथे मी पाळ्या, नाल्याचे कापलेले काठ आणि नव्या विहिरीतून काढलेल्या मातीचे ढीग बघतो.

पायी फिरण्याच्या आधी दोन-तीन दिवसांचं बैठं काम असतं. कुणी ते टाळलं तर मला त्याच्या पायपिटीवर फारसा भरवसा वाटत नाही. गट नकाशा, सातबारा, भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा, आणि आपल्याकडे निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज. जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांना ही कागदपत्रं म्हणजे देणगी आहे. कोणती वाट कुठून जात होती, गुरं कुठे बसत, मसणवटा कुठे, तळ्याचं पाणी कुणाला, सगळं त्यात असतं. गावांच्या यादीत ज्या मौजांपुढे ‘रिठी’ लिहिलंय तिथे मी लाल खूण करतो. रिठी म्हणजे उजाड झालेलं गाव. नाव महसुलात राहिलं, माणसं गेली. असं गाव दोनशे वर्षांपूर्वी उठलेलं असेल, पण जिथे दोनशे वर्षांपूर्वी वस्ती होती तिथे पाणी, उंचवटा आणि वाट होती. ती सोय दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही कळत होती. एकावर एक वस्त्या बसलेल्या आपल्याकडे कमी नाहीत. कुही तालुक्यात आदम इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं 1988 नंतर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातल्या तटबंदीच्या शहराखाली त्याहून कितीतरी जुने थर मिळाले.

जमिनीचा रंगही आधी बघायचा. काळी आणि पांढरी हा फरक तुमच्या वडिलांना माझ्याहून जास्त कळतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाणाची. शेकडो वर्षं चुलीची राख, शेणमाती, पडक्या भिंती एका जागी साठत गेल्या की माती करडी-पांढुरकी होते, हाताला भुसभुशीत लागते. काळ्या वावराच्या मधोमध पांढुरका पट्टा असेल तर तिथे कधीतरी घरं होती, असं मी धरून चालतो. उपग्रहाची चित्रं आता फुकट बघायला मिळतात. त्यात मागे जाऊन एप्रिल-मे महिन्याचं चित्र काढा. पिकं नसलेल्या काळ्या जमिनीवर असा पट्टा उठून दिसतो, आणि बरडावरची शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती गोल मांडलेले धोंडे, ठिपक्यांच्या माळेसारखी दिसतात. पावसाळ्याच्या चित्रात यातलं काहीही दिसणार नाही.

मग गावातली माणसं. गुराखी, जुने सालदार, सरपणाला जाणाऱ्या बाया. सरपंचाच्या घरी चहा होतो, पण माहिती बहुतेक वेळा पांदणीवर मिळते. हिंगण्याकडे एका म्हाताऱ्या गुराख्याला मी विचारलं, हे गोटे कुणी मांडले? तो म्हणाला, “साहेब, लोक म्हंतेत गवळ्याइचे घरं होते. मले मायीत नाही. पन थे गोटे कोनी हालवत नाही. आमच्या आज्यानं हालवले नाही, आमी कायले हालवू?” त्याच्या बोलण्यातून मला दोन गोष्टी कळल्या. गोटे जागचे आहेत, म्हणजे खालचंही बहुधा शाबूत आहे. आणि गावाला ती जागा राखावीशी वाटते. दुसरी गोष्ट अहवालात लिहायला रकाना नसतो, तरी मी लिहितो.

प्रत्यक्ष फिरायचं म्हणजे पाच माणसं एका ओळीत, एकमेकांपासून दहा पावलांवर, जलवाहिनीच्या आखणीच्या दोन्ही बाजूंना मिळून निदान चाळीस-पन्नास मीटरचा पट्टा. प्रत्येकाच्या हातात छोट्या झेंड्या. खापर, दगडी हत्यार, मणी, काही दिसलं की झेंडी रोवायची आणि पुढे जायचं. लगेच उचलायचं नाही. वावर संपल्यावर मागे वळून बघितलं की झेंड्या कुठे दाटल्या आहेत ते एका नजरेत कळतं. दर गटाला किती टक्के जमीन उघडी होती ते लिहायचं, जीपीएसनं जागा नोंदवायची, फोटोत मोजपट्टी आणि उत्तर दिशा ठेवायची. चांगल्या जमिनीवर पाच जण दिवसाला तीन-चार किलोमीटरची लाइन नीट बघतात. यावरून दोन माणसांच्या दीड तासाचा हिशेब तुम्हीच करा.

आणि हा पट्टा पुरत नाही. माझ्या अनुभवात जलवाहिनीच्या चरापेक्षा जास्त नुकसान तिच्या आजूबाजूच्या कामानं होतं. चर मीटरभर रुंद आणि मीटर-सव्वा मीटर खोल. पण पाइप उतरवायला जागा लागते, जेसीबी आणि ट्रॉल्यांना वाट लागते, आणि पाइपाखाली-वर टाकायला मुरूम लागतो. मुरूम कुठून येतो? बरडावरून. आणि शिलावर्तुळं कुठे असतात? त्याच बरडावर. पीक न येणारी, मुरमाड, जराशी उंच जागा त्या काळच्या लोकांनी आपल्या मृतांसाठी निवडली आणि आज ठेकेदार तीच जागा मुरमासाठी निवडतो, कारण शेतकऱ्याची हरकत नसते. लाइन दोनशे मीटरवरून जात असताना मुरमासाठी अख्खी वर्तुळं खरवडून नेलेली मी बघितली आहेत, आणि आखणीच्या सर्वेक्षणात त्या जागेचा उल्लेखही नव्हता. म्हणून तुमचा पहिला प्रश्न अभियंत्याला हाच असू द्या: मुरूम कुठून काढणार, आणि पाइप कुठे रचणार?

तुम्ही वर्णन केलेल्या गोट्यांबद्दल, फोटो न बघता शंभर टक्के सांगता येत नाही. वावरातले गोटे वेचून धुऱ्यावर टाकलेले ढीगही लांबून गोल दिसतात. ढिगात लहानमोठे गोटे कसेही पडलेले असतात आणि सहज हलतात. शिलावर्तुळात मोठे धोंडे कडेला कडा लावून बसवलेले असतात, अर्धे जमिनीत गाडलेले, आणि आतला भाग बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडा फुगीर असतो, त्यात बारीक गोट्यांचा भराव असतो. पाच-सहा मीटरपासून वीस मीटरच्या पुढेही त्यांची रुंदी जाते. आणि ती सहसा एकटी नसतात. दोन दिसली तर अजून शोधा. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे तीनशे वर्तुळं आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 सालीच त्यांच्याबद्दल लिहिलं होतं, त्यातल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत ते आजही दिसतात. ही महापाषाणयुगीन दफनं, ढोबळमानानं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांबरोबर घोडे पुरलेले मिळाले, घोड्यांच्या अंगावरच्या तांब्याच्या साजासकट.

पण भाऊ, मला तुमच्या बरडापेक्षा तुमच्या नाल्याकाठच्या वावराची काळजी जास्त वाटते. गोटे सगळ्यांना दिसतात. ठेकेदारालाही दिसतात, तो वळसा घालतो, आणि वळसा घालून कुठे येतो? नाल्याच्या काठावर, जिथे खणायला मऊ लागतं. गोटे मांडणारी माणसं राहत कुठे होती, हा प्रश्न फार थोड्या अहवालांत विचारलेला असतो. टाकळघाट-खापा हे जोडनाव घ्या. नागपूर विद्यापीठानं 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथे उत्खनन केलं. खाप्याला वर्तुळं आणि टाकळघाटला वस्ती. पेंच नदीकाठच्या नैकुंडला 1970 च्या दशकाच्या शेवटी वस्तीही मिळाली, दफनंही मिळाली आणि लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. म्हणजे मृतांची जागा बरडावर आणि जिवंतांची पाण्याजवळ, मधे काहीशे मीटर किंवा थोडं जास्त अंतर. वस्तीवर धोंडे नसतात. मातीची घरं, कुडाच्या भिंती, चुली, धान्याच्या बळदी, सगळं मातीत मिसळून गेलेलं. वरून ते तुमच्या वावरासारखंच दिसतं. खापरं आणि ती जड ढेकळं एवढीच त्याची खूण.

आता खापरांबद्दल, कारण इथे गफलत फार होते. आपल्याकडच्या वावरात सापडणारे निम्म्याहून जास्त तुकडे कवेलूचे, म्हणजे छपरावरच्या कौलांचे असतात. कवेलू जाड, एका बाजूनं वाळू चिकटलेलं, गोलाई अर्ध्या नळीसारखी. ते बाजूला काढा. मग गावखतातून आलेली खापरं. उकिरड्याचं खत आणि पांढरीची माती पिढ्यान् पिढ्या वावरात टाकली गेली, तिच्याबरोबर खापरंही आली. ती लहान असतात, कडा झिजलेल्या, सगळ्या वावरभर विरळ पसरलेली. त्यांच्यावरून तिथे वस्ती होती असं म्हणता येत नाही. वस्तीची खापरं एका भागात दाटतात, तुकडे मोठे, कडा धारदार, आणि त्याच भागात माती राखट असते, हाडं मिळतात. महापाषाणयुगातलं ओळखीचं भांडं आतून आणि काठाला काळं, बाहेरून खाली तांबडं असतं. मडकं भट्टीत पालथं ठेवून भाजलं की झाकलेल्या भागाला हवा मिळत नाही, तो काळा राहतो. पातळ, गुळगुळीत, बोटानं वाजवलं तर खणखणतं.

काळ्या मातीचा एक स्वभावही लक्षात ठेवावा लागतो. उन्हाळ्यात ती हातभर खोल भेगाळते, पावसात फुगून मिटते. भेगांतून वरचे तुकडे खाली जातात, आणि फुगताना-आक्रसताना मोठे दगड हळूहळू वर येतात. त्यामुळे वर काय आहे यावरून खाली किती खोल काय आहे ते नेमकं सांगता येत नाही. नाल्याकाठी पुराचा गाळ बसून जुना थर मीटरभर खाली गेलेला असू शकतो आणि वर एकही खापर नसेल. म्हणूनच नाल्याचा कापलेला काठ माझ्यासाठी आयतं पुस्तक आहे. तुमच्या वावराच्या हद्दीत नाल्याची उभी दरड असेल तर सकाळच्या उन्हात ती पाणी शिंपडून बघा. करडा पट्टा, त्यात कोळसा, खापर दिसलं तर जमिनीपासून त्याची खोली टेपनं मोजा आणि लिहून ठेवा. फक्त दरड खणू नका. बघणं तुमच्या हातात आहे, उत्खनन परवान्याशिवाय मलाही करता येत नाही.

इथवरचं एकत्र करतो: त्या सर्वेक्षणाचे दिवस चुकले, बघायचा पट्टा अरुंद होता, मुरमाच्या जागा सुटल्या आणि गावाला विचारलं नाही. यातलं प्रत्येक अजून दुरुस्त होऊ शकतं, कारण तुमच्याकडे चर सुरू झालेला नाही.

कायद्याकडे येतो, कारण त्याबद्दल गावात दोन्ही टोकांच्या अफवा असतात. केंद्राच्या 1958 च्या प्राचीन स्मारकांच्या अधिनियमात 2010 साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या भोवती 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र (बांधकामाला मनाई) आणि त्यापुढे 200 मीटर विनियमित क्षेत्र (बांधकामाला परवानगी लागते) आलं. नागपूर जिल्ह्यातली कित्येक शिलावर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत, तेव्हा तुमची त्यात आहेत का हे आधी बघायला हवं. पण याच अधिनियमात ‘बांधकाम’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून लोकांच्या पाणीपुरवठ्याची आणि वीजपुरवठ्याची कामं वगळलेली आहेत. त्यामुळे शेजारी स्मारक आहे म्हणून नळयोजना आपोआप थांबेल असं धरू नका. खुद्द संरक्षित जागेत खोदकाम करायचं तर मात्र परवानगी लागतेच. आणि तुमचे गोटे यादीत नसतील, जे बहुधा खरं असेल, तर त्यांच्या बाबतीत ना 100 मीटर ना 200. अशा वेळी ते वाचतात ते अभियंत्यानं ऐकल्यामुळे आणि गावानं वेळेवर सांगितल्यामुळे. योजनेला जागतिक बँकेसारख्या संस्थेचं कर्ज असेल तर खोदताना अवचित काही सापडलं तर काम थांबवून कुणाला कळवायचं, हे ठरवून द्यावं लागतं. तुमच्या योजनेचा पैसा कुठला आहे त्यावर हे अवलंबून आहे, ते विचारून घ्या.

जमिनीबद्दल. उद्या समजा एखादी जागा संरक्षित करायचं ठरलं, तरी आधी अधिसूचना निघते आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत असते. संरक्षित झाल्यावरही मालकी आपोआप बदलत नाही. शेती करायलाही मुभा आहे, फक्त एका फुटापेक्षा खोल खोदायचं नाही अशी कायद्यातच तरतूद आहे. आणि हे सगळं होतं ते फार थोड्या जागांच्या बाबतीत. वावरात खापरं निघतात एवढ्यानं कुणी वावर संरक्षित करत नाही. हे वडिलांना वाचून दाखवा.

नाणी, दागिने, मूर्ती असं काही निघालं तर वेगळा नियम आहे. 1878 च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाची गाडलेली वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तहसीलदारांमार्फत कळवा, पोच घ्या. लपवलं तर गुन्हा होतो, कळवलं तर शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्क त्याच कायद्यात मांडलेला आहे.

पाइप वळवण्याच्या खर्चाचं म्हणाल तर ते पूर्णपणे वेळेवर अवलंबून आहे. उमरेडच्या बाजूला एका योजनेत वस्तीचा पांढुरका पट्टा लाइनीच्या बरोबर आड येत होता. आखणी कागदावरच होती, पाइप यायचे होते. कनिष्ठ अभियंत्यासोबत आम्ही एक सकाळ पांदणीवर फिरलो, त्यानं दोन वळणं टाकून लाइन चाळीसेक मीटर सरकवली आणि जुन्या बैलगाडीच्या वाटेखालून नेली. अर्ध्या दिवसाचं काम. तेच पाइप रचल्यावर सांगितलं असतं तर तो ऐकू शकला नसता, आणि त्याचा दोषही नव्हता. मोठ्या प्रमाणावर हेच भोनचं दुखणं आहे. बुलडाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन इथे डेक्कन कॉलेजनं या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केलं, विटांचा बौद्ध स्तूप मिळाला, भाजलेल्या मातीच्या कड्या रचून केलेल्या कडी-विहिरी मिळाल्या, आणि ती जागा जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरण काही चाळीस मीटर सरकवता येत नाही. पाइप येतो.

आता तुम्ही काय करायचं. ग्रामपंचायतीच्या ठरावासह एक पत्र योजनेच्या कार्यकारी अभियंत्याला द्या. प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला. पत्रात काम थांबवा असं लिहू नका. गावाला पाणी हवंच आहे आणि ते पत्राच्या पहिल्या ओळीत येऊ द्या. मग गट क्रमांक, गोटे किती ठिकाणी आहेत, खापरं कुठल्या भागात दाट आहेत, आणि तीन मागण्या: पऱ्हाटी उपटल्यावर पुन्हा फेरी व्हावी, मुरमाच्या व पाइप रचण्याच्या जागा आधी दाखवाव्यात, आणि नाल्याकाठच्या तुमच्या गटात चर खणताना जाणकार माणूस हजर असावा. या तिसऱ्या मागणीसोबत एवढंही जोडा की त्या टप्प्यात जेसीबीला बिनदातांची बकेट लावावी आणि माती वीतभर-वीतभर थरानं काढावी. दातांच्या बकेटनं एका घासात मीटरभर माती निघते, तेव्हा थर बघायला कुणाला वेळच मिळत नाही. दोनशे मीटरच्या तुकड्याला यानं फार तर एक-दोन दिवस जास्त लागतात.

गोट्यांचे फोटो काढा, प्रत्येक वर्तुळाचे चारही बाजूंनी, शेजारी माणूस उभा करून. पण ते ठिकाणासकट सगळीकडे पाठवू नका. गुप्तधनाच्या नादानं रात्री वर्तुळं उकरणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांच्या हाती बहुतेक वेळा फुटकी मडकी आणि गंजलेलं लोखंड लागतं, आणि तीन हजार वर्षं शाबूत राहिलेली जागा एका रात्रीत संपते.

राहता राहिली ती जड काळी ढेकळं. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहेत, मला मात्र सगळ्या प्रश्नात तीच वाचून उठून बसावंसं वाटलं. एक ढेकूळ तेवढ्याच आकाराच्या गोट्याशेजारी हातात तोलून बघा. जास्त जड लागलं, वर फुगे आल्यासारखी छिद्रं असली, आणि फुटलेली बाजू काचेसारखी चमकली, तर ती लोखंड गाळून उरलेली मळी असण्याची दाट शक्यता आहे. त्यांच्यासोबत भाजून लाल झालेल्या मातीचे, आतून काळपट काच चढलेले तुकडे निघतात का तेही बघा, ते भट्टीच्या भिंतीचे असतात. जिथे सापडतील तिथेच राहू द्या, पण धुऱ्यापासून किती पावलांवर आहेत ते मोजून कागदावर मांडा. आणि एका ढेकळाचा फुटलेल्या बाजूचा फोटो, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, मला आधी पाठवा. मार्चमध्ये तुमचं वावर रिकामं झालं की मी स्वतः यायला तयार आहे.